वाचनप्रसारातील शेजारधर्म



प्रस्तुत लेखाचा विषय युरोपातील वाचनप्रसारक संस्थांचे परस्परसहकार्य हा आहे. मोखाड्याच्या द्विशिक्षकी शाळेत अथवा वसईच्या पूर्वभागातील एखाद्या पाड्यावर काम करणाऱ्या शिक्षकास तो फार दूरचा वाटेल. जर्मनी, इटली, इंग्लंड येथील संस्था एकत्र येऊन काय करतात याच्याशी आपल्या तिसरी-चौथीच्या वर्गाचा संबंध काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. मूल एका गावी वाचावयास शिकते, पोटापाण्यासाठी आईबापांबरोबर दुसऱ्या गावी जाते, तेथील शाळेस त्याची ओळख नसते, आणि शिकलेले अक्षर हळूहळू पुसट होते, ही आपल्या जिल्ह्यातील नित्याची गोष्ट आहे. युरोपात सरहद्दी पुष्कळ आणि भाषाही पुष्कळ. तेथील वाचनसंस्थांना एकमेकांकडे जाणे भाग पडले. आपल्याकडे ही सरहद्द एकाच जिल्हा परिषदेच्या दोन तालुक्यांमधून जाते. त्यांनी काय केले, त्यात कोठे यश आले व कोठे आले नाही, हे पाहिले असता आपल्या कामास उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

या सहकार्याचा एक मोठा प्रवाह उद्ध्वस्त जर्मनीत उगम पावला. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले तेव्हा त्या देशातील कित्येक शहरे विटामातीचे ढीग झाली होती. बारा वर्षांच्या नाझी राजवटीत चांगली पुस्तके जाळली गेली वा बंदीत पडली. मुलांच्या हाती मुख्यतः प्रचाराची पुस्तके उरली होती. येल्ला लेपमन नावाच्या ज्यू पत्रकार बाई या राजवटीमुळे देश सोडून १९३६ साली लंडनला गेल्या होत्या. युद्ध संपताच अमेरिकन सैन्याने त्यांना स्त्रिया व मुले यांच्या प्रश्नांवर सल्ला देण्यासाठी जर्मनीत आणले. मुलांना अन्न हवे, वस्त्र हवे, डोक्यावर छप्पर हवे, हे उघडच होते. लेपमनबाईंनी त्याच्या जोडीने पुस्तकांचा आग्रह धरला, आणि परदेशांना पत्रे धाडली. त्यांतील पुष्कळ देश कालपरवापर्यंत जर्मनीशी लढत होते. मागणे एवढेच होते, की आपल्या मुलांची उत्तम पुस्तके जर्मन मुलांसाठी भेट म्हणून पाठवावीत. बेल्जियमने प्रथम नकार दिला. जर्मन सैन्याने तो देश तीस वर्षांच्या आत दोनदा तुडविला होता; त्या नकारास कोण नावे ठेवील? बाईंनी पुन्हा पत्र लिहून विनविले, आणि बेल्जियमची पुस्तके आली. १९४६ च्या जुलै महिन्यात म्यूनिक येथे हजारो पुस्तकांचे प्रदर्शन भरले.

प्रदर्शनातील पुस्तके पाहावयाची. घरी न्यावयास मात्र एकही नाही, ही उणीव लवकरच ध्यानात आली. तेव्हा बाईंनी एक अमेरिकन गोष्ट स्वतः जर्मनमध्ये उतरविली. फर्डिनंड नावाचा एक बैल झुंजीच्या रिंगणात उतरण्यापेक्षा झाडाखाली बसून फुलांचा वास घेणे पसंत करतो, अशी ती गोष्ट. वर्तमानपत्राच्या कागदावर तिच्या तीस हजार प्रती छापून मुलांना वाटण्यात आल्या. मला या सर्व हकीकतीत हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. प्रदर्शन भरविणे सोपे असते. आपल्याकडेही १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, पुस्तके कपाटाबाहेर येतात, सतरंजीवर मांडली जातात, छायाचित्र निघते, आणि सायंकाळी पुन्हा कुलूप लागते. मुलाच्या हाती पुस्तक जाऊन त्याच्या घरी पोहोचते की नाही, हा प्रश्न लेपमनबाईंनी १९४६ साली विचारला होता. आपण तो दर महिन्यास विचारावयास हवा.

त्याच खटपटीतून १९४९ साली म्यूनिक येथे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उघडले, आणि १९५३ साली झुरिच येथे बालकुमारांच्या पुस्तकांसाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. त्याच्या नावातील आद्याक्षरांवरून त्यास ‘इब्बी’ असे म्हणतात. प्रत्येक देशाची एक शाखा, शाखांनी परस्परांस आपली चांगली पुस्तके कळवावयाची, भाषांतरास उत्तेजन द्यावयाचे, अशी त्याची रीत आहे. हान्स अँडरसन या डॅनिश कथाकाराचा जन्मदिवस २ एप्रिल हा १९६७ पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो. एका वर्षी एक देश त्याचे यजमानपद घेतो व संदेश आणि चित्र तयार करून इतरांस देतो. भारताचीही शाखा आहे, आणि १९९८ साली या मंडळाची परिषद नवी दिल्ली येथे भरली होती.

हे झाले पुस्तकांचे. शिकविण्याच्या पद्धतींची देवघेव करणाऱ्या संस्था निराळ्या. १९५६ साली अमेरिकेत वाचनाच्या शिक्षकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिची पहिली जागतिक परिषद १९६६ साली पॅरिसला भरली. युरोपातील निरनिराळ्या देशांत वाचन-शिक्षकांच्या ज्या संघटना होत्या त्यांनी पुढे आपला स्वतंत्र महासंघ केला. त्यात वर्गशिक्षक आहेत, अध्यापक विद्यालयांतील प्राध्यापक आहेत, ग्रंथपाल आहेत. त्यांची वाचनपरिषद साधारणतः दर दोन वर्षांनी भरते व यजमान देश पाळीपाळीने बदलतो: २०१५ साली ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट, २०१७ साली माद्रिद, २०१९ साली कोपनहेगन. एका देशातील शिक्षकाने आपल्या वर्गात जे करून पाहिले ते दुसऱ्या देशातील शिक्षकापुढे मांडावयाचे, हा या मेळाव्याचा गाभा. आपल्या केंद्रात भरणारी शिक्षण परिषद हेच काम लहान प्रमाणावर करू शकते. तेथे परिपत्रकांच्या वाचनात वेळ सरतो, ही गोष्ट वेगळी.

युरोपियन राष्ट्रांस एकमेकांची खरी गरज भासली ती २००० सालानंतर. त्या वर्षी ‘पिसा’ नावाची चाचणी प्रथम घेण्यात आली. पंधरा वर्षांच्या मुलामुलींस निरनिराळ्या देशांत एकाच मापाने तपासावयाचे, आणि पाठांतर न पाहता वाचलेल्या मजकुराचा अर्थ लावता येतो की नाही हे पाहावयाचे, असे तिचे स्वरूप. निकाल आला तेव्हा फिनलंड पहिला होता, आणि आपल्या शिक्षणाचा फार अभिमान बाळगणारा जर्मनी सरासरीच्याही खाली. त्या देशात जो गहजब उडाला त्यास आजही ‘पिसाचा धक्का’ म्हणतात. पुढच्याच वर्षी, २००१ साली, चौथीच्या मुलांसाठी ‘पर्ल्स’ ही दुसरी चाचणी सुरू झाली. ती दर पाच वर्षांनी होते. एकच उतारा अनेक भाषांत उतरवून मुलांपुढे ठेवला जातो. युरोपियन महासंघाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०१२ साली सांगितले, की पंधरा वर्षांच्या दर पाच मुलांमागे एकास पुरेसे वाचता येत नाही, आणि सुमारे साडेसात कोटी प्रौढांस वाचनलेखनाची मूलभूत कौशल्ये नाहीत.

हे आकडे आपण सावकाश वाचावे. या देशांत शाळा सक्तीची होऊन शतक लोटले आहे. वर्गात तीस मुले, हाताशी ग्रंथालय, घरी विजेचा दिवा, दारात रस्ता. तरीही पाचांतले एक मूल मागे राहते. हजेरीपटावर नाव असणे आणि वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांस चाचणीने दाखविले. आपल्या देशात २००५ पासून ‘असर’ या पाहणीने तेच दाखविले. २०२४ च्या ‘असर’मध्ये ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या वर्गातील २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे चारांतील तिघांना आला नाही.

दोष कोठे आहे हे शोधताना युरोपातील संस्थांचे लक्ष शाळेच्या अलीकडे, घराकडे गेले. १९९२ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात एक लहानसा प्रयोग झाला. तान्ह्या मुलांच्या तपासणीच्या वेळी आरोग्य-परिचारिकेने आईच्या हाती एक पिशवी द्यावयाची; तीत चित्रांचे एक पुस्तक व ग्रंथालयाचे निमंत्रण. मूल सातआठ महिन्यांचे, कुटुंबे तीनशे. आईने मुलास मांडीवर घेऊन चित्रे दाखवावी, बोलावे, एवढीच अपेक्षा. ही मुले पुढे शाळेत आली तेव्हा त्यांची पावले इतरांपेक्षा पुढे पडत असल्याचे आढळले, आणि ही योजना देशभर पसरली.

सहकार्याचा खरा अर्थ यापुढे दिसतो. १९९९ साली इटलीत तशीच चळवळ सुरू झाली, परंतु इटलीने ती जशीच्या तशी उचलली नाही. तेथे बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि ग्रंथपालांची संघटना यांनी हात मिळविले, आणि मुलास मोठ्याने वाचून दाखवा हा सल्ला औषधाच्या सल्ल्याबरोबर डॉक्टरांच्या तोंडून आईबापांस मिळू लागला. इटालियन आई डॉक्टरचे ऐकते, हे त्यांनी नेमके हेरले असावे. हॉलंडमध्ये २००८ पासून हेच काम सार्वजनिक ग्रंथालयांमार्फत होऊ लागले. जर्मनीने २०११ साली ते देशव्यापी केले. २००० साली अशा संस्थांनी ‘युरीड’ नावाचे जाळेही विणले, म्हणजे एकाने केलेला प्रयोग दुसऱ्यास मुळापासून करावा लागू नये. बीज एकच, परंतु ज्या त्या मातीत ते निरनिराळ्या हाताने पेरले गेले.

२०१६ साली अठ्ठावीस देशांतील संस्थांच्या एका जाळ्याने साक्षरतेच्या हक्काचा जाहीरनामा काढला. त्यात अकरा अटी आहेत. घरी भाषा व वाचन यांस प्रोत्साहन, आईबापांस साहाय्य, ग्रंथालये, केवळ आनंदासाठी वाचन, अशा त्या अटी आहेत. जाहीरनामे चांगलेच असतात. परंतु २०२२ च्या ‘पिसा’ चाचणीत या संपन्न देशांची वाचनातील सरासरी २०१८ पेक्षा दहा गुणांनी खाली आली, हेही सांगितले पाहिजे. मधल्या साथीच्या काळात शाळा बंद होत्या, हे एक कारण दिले जाते; मुलांच्या हातातील भ्रमणध्वनी हे दुसरे. माझे मत असे, की परिषदा व जाहीरनामे यांनी माणसे एकमेकांस भेटतात. वाचन वाढते ते प्रत्येक वर्गात कोणी तरी रोज अर्धा तास खर्च केल्याने.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. परदेशातील पद्धत आणून ती आपल्या मातीत रुजविण्याचे जे उत्तम उदाहरण महाराष्ट्रात आहे, ते आपल्याच डहाणू तालुक्यात आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये मजुरांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांची पद्धत पुस्तकांतून हिंदुस्थानात आली. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांस १९२३ साली जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार चालविले. परंतु शहरातील बालमंदिरात येणारी मुले कोण असतात, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ त्याच वेळी त्यांच्या कार्यात आल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

माँटेसरीची साधने परदेशी बनावटीची व महाग. ताराबाई व अनुताई यांनी त्यांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे, काड्या घेतल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्या वारल्यांच्या पाड्यावर गेल्या आणि एखाद्या घराच्या अंगणात मुले जमवून वर्ग भरविला. अंगणवाडी हा शब्द आज देशभर रूढ आहे. त्याचे मूळ या परिसरातील कामात आहे. थोडी मोठी मुले गुरे राखावयास जात, म्हणून कुरणावरच शाळा भरविली. तिला कुरणशाळा म्हटले गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यामागचा विचार. बर्मिंगहॅमची पिशवी आणि कोसबाडचे अंगण यांत तीसचाळीस वर्षांचे अंतर आहे, अंगण आधीचे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. त्यांच्या कामाची ही भूमी आज पालघर जिल्ह्यात आहे, याचा आपणांस अभिमान वाटावा. परंतु अभिमानापेक्षा तेथील ‘अंगणा’ची युक्ती आज कोठे लागू पडते हे पाहणे अधिक उपयोगी आहे.

साक्षरतेच्या कामी गावांनी एकमेकांशी चढाओढ व सहकार्य दोन्ही केल्याचे दुसरे उदाहरण १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेचे. गावातील शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवावयाचे, शिक्षक अग्रभागी. सारे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ. मोहीम राज्यभर गेली. परंतु नवसाक्षराच्या हाती वाचावयास काही न राहिल्यास अक्षर विसरले जाते, ही अडचण तेव्हाही होती. फिरती वाचनालये हवीत हे कार्यकर्त्यांनी ओळखले होते. समारंभाच्या उत्साहाइतका उत्साह त्या पेट्यांच्या वाट्यास सर्वत्र आला नाही.

सहकार्य हे परदेशाकडून आपल्याकडे येणारेच असते असे नाही. १९९४-९५ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने मुलाची इयत्ता बाजूस ठेवून त्याच्या प्रत्यक्ष वाचनपातळीप्रमाणे गट करावे व रोज काही वेळ त्या पातळीवर शिकवावे, ही रीत घडविली. ‘असर’ची चाचणी त्याच संस्थेची. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या पायऱ्या एका कागदावर. मुलाने आपल्यासमोर बसून मोठ्याने वाचावयाचे. तीनचार मिनिटांत पायरी कळते. २००९ साली केनिया, टांझानिया व युगांडा येथील कार्यकर्त्यांनी ही चाचणी आपल्या भाषांत बसवून ‘उवेझो’ नावाची पाहणी सुरू केली. २०१५ पासून अशा निरनिराळ्या खंडांतील संस्थांचे एक जाळे आहे. मुंबईच्या झोपडपट्टीत सुचलेली गोष्ट आफ्रिकेतील खेड्यात चालते; मग ती जव्हारच्या शाळेतून वसईच्या शाळेत का चालू नये?

हा प्रश्न मी अलंकार म्हणून विचारीत नाही. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू येथील पाड्यांवरून कुटुंबे वीटभट्ट्यांवर उतरतात. काही भिवंडीकडे जातात, काही वाड्याकडे, काही आपल्या वसई तालुक्यात. पावसाळ्यातील खावटीसाठी अथवा लग्नासाठी मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत थापावयाचे. काम उत्तररात्रीच सुरू होते. लहान मुले धाकट्या भावंडांस सांभाळतात, सुकत घातलेल्या विटा पलटतात. राहणे भट्टीशेजारी विटा रचून वर पेंढा घातलेल्या खोपटात. त्यास भोंगा म्हणतात. पाऊस तोंडावर आला की सारी परत जातात. शाळेच्या वर्षातील सहा महिने असे जातात. उसगाव येथील विधायक संसद या संस्थेने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात याच भट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ भरविल्या. कुरणशाळेची ती धाकटी बहीण म्हणावी.

आता २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे. त्यानुसार मुलास वर्षात केव्हाही, वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावयाचा, आणि एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क त्यास आहे. दाखल्यावाचून प्रवेश अडवावयाचा नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाचीही व्यवस्था आहे. कायद्याची बाजू अशी भक्कम आहे. वर्गातील बाजू मात्र अशी, की चौथीतील मुलगी वसईच्या शाळेत येते, तिचे पत्रक असलेच तर त्यावर नाव, जन्मतारीख, इयत्ता एवढे असते, आणि ती किती वाचते हे कोणासच ठाऊक नसते. दोनतीन दिवसांनी तिला मागच्या ओळीत बसविले जाते. मी भेटीस गेलो असता अशा एका मुलीने परिच्छेद न अडखळता वाचला; वर्गशिक्षकांस त्याचे आश्चर्य वाटले. ती बोलत नव्हती, म्हणून तिला येत नाही असा समज झाला होता. ती घरी वारली बोलत होती, वर्गात निम्मी मुले आपसांत हिंदी बोलत होती, आणि पुस्तक प्रमाण मराठीत होते. तीन भाषांच्या मधोमध ते मूल गप्प बसले होते.

यासाठी निधी लागत नाही. दोन शिक्षकांनी एकमेकांस ओळखणे लागते. दसऱ्याच्या सुमारास ज्या मुलांची कुटुंबे जाणार त्यांची वाचनचाचणी पाड्यावरील शिक्षकाने घ्यावी. हमी पत्रकासोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी: मूल कोणत्या पायरीवर वाचते, घरी कोणती बोली बोलते, शेवटी कोणते पुस्तक वाचले, काय आवडते. हे शेवटचे कलम वगळू नये; अनोळखी वर्गात पाय ठेवणाऱ्या मुलाशी पहिले वाक्य बोलावयास ते उपयोगी पडते. भट्टी कोणत्या गावी आहे हे बहुधा कुटुंबास अथवा मुकादमास ठाऊक असते. तेथील केंद्रप्रमुखास दूरध्वनी करावा. आणि मुलाच्या दप्तरात शाळेच्या ग्रंथालयातील दोन पुस्तके घालून द्यावी.

येथे बहुतेक शिक्षक थांबतात. पुस्तक हरवले तर? फाटले तर? नोंदवहीत काय लिहावयाचे? ही भीती मी जाणतो; तिच्यामुळेच कित्येक शाळांतील पुस्तके नवी कोरी राहून वाळवीच्या उपयोगी पडली. पुस्तक मुलाच्या नावे रीतसर दिल्याची नोंद करावी. तपासणीस येईन तेव्हा फाटलेल्या पुस्तकाबद्दल मी काही विचारणार नाही. ज्याची पाने अजून एकमेकांस चिकटलेली आहेत त्याबद्दल विचारीन.

वसईकडील शिक्षकाचे काम अधिक नाजूक आहे. आलेल्या मुलास पहिल्या आठवड्यात इयत्तेचा धडा देऊ नये. त्यास भट्टीची हकीकत स्वतःच्या बोलीत सांगावयास सांगावी. शिक्षकाने त्यातील तीनचार वाक्ये, जशी उच्चारली तशीच, देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावी आणि मुलास वाचावयास द्यावी. आपले बोलणे कागदावर उतरलेले पाहून मूल चकित होते. अर्थ त्यास आधीच ठाऊक असल्याने अक्षर ओळखणे सोपे जाते. दुसऱ्या दिवशी त्याच वाक्यांखाली प्रमाण मराठीतील वाक्ये लिहावी व दोन्ही वाचून घ्यावी. वसईतील वर्गांस हे अवघड जाऊ नये. सामवेदी, वाडवळी, कोळी, अशा घरच्या बोली बोलत येथील पिढ्या मराठी शाळेत शिकल्या आहेत. या कागदांची आठदहा पाने शिवली की एक लहान वाचनपुस्तिका होते. ती पाड्यावरच्या शाळेस पाठविली तर तेथील मुले आपल्या मैत्रिणीने लिहिलेले पुस्तक म्हणून ती आवडीने वाचतात; येल्ला लेपमन यांनी देशोदेशी जी देवघेव चालविली तिचाच हा घरगुती अवतार होय.

पुस्तके कमी पडत असतील तर गावातील अनुदानित सार्वजनिक वाचनालयाकडे जावे. १९६७ च्या कायद्यान्वये राज्यात अशी वाचनालये खेडोपाडी आहेत. ‘ड’ वर्गाचे का असेना, बालविभागाची पुस्तके तेथे असतात, आणि त्या पुस्तकांनाही वाचक हवेच असतात. दोनतीन शाळांनी मिळून एक पेटी केली व ती दर महिन्यास फिरविली तर प्रत्येक शाळेस तिप्पट पुस्तके मिळतात. पेटीसोबत एक वही ठेवावी. कोणते पुस्तक मुलांनी पुन्हा मागितले एवढेच तीत लिहावे.

परतीची चिठ्ठी ही पहिल्या चिठ्ठीइतकीच आवश्यक आहे. मूल सहा महिन्यांत एक पायरी चढले असेल, तर जूनमध्ये पाड्यावरच्या शिक्षकाने त्यास पुन्हा अक्षरांपासून सुरू करणे हा त्या मुलावर अन्याय होईल. कोणती पायरी गाठली, काय अर्धवट राहिले, कोणते पुस्तक सोबत दिले, हे त्याच कागदाच्या मागे लिहावे. मात्र वार्षिक परीक्षेची वाट पाहत बसू नये. भट्टीवरील हिशेब मिटला की कुटुंब त्याच रात्री गाडीत बसते, शाळेस सांगावयास कोणी येत नाही. म्हणून ही चिठ्ठी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच लिहून मुलाच्या दप्तरात घालून ठेवावी, आणि तिची एक प्रत केंद्रप्रमुखाकडे द्यावी.